दर आठ तासांनी एक गोळी : एका उदाहरणाची तपासणी

भूमिती श्रेढी शिकवताना एक उदाहरण हमखास भेटतं. पुस्तकागणिक आकडे बदलतात, औषधाचं नाव कधी असतं, कधी नसतं. पण सांगाडा तोच असतो.

‘एका रुग्णाला दर आठ तासांनी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली जाते. आठ तासांत शरीरातलं निम्मं औषध नाहीसं होतं. पाचवी गोळी घेतल्याबरोबर शरीरात किती औषध असेल?’

आमच्यापैकी एकीनं हे उदाहरण अकरावीच्या वर्गात सोडवून घेतलं. पहिल्या गोळीनंतर ४००. आठ तासांनी त्यातले २०० उरले, त्यात नवे ४०० मिळवले की ६००. मग ७००, ७५०, ७७५. सूत्रानंही ७७५ च येतं. मुलांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, माझी आजी बारा वर्षं रोज थायरॉईडची गोळी घेते. मग तिच्या अंगात आता किती साठलं असेल? ती म्हणते, साठायला नको म्हणून रविवारी सुट्टी देते गोळीला.”

बाईंनी वेळ मारून नेली. “तसं काही साठत नसतं गं, शरीर बाहेर टाकतं सगळं.” घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण चुकीचं उत्तर दिलं. पाचच मिनिटांपूर्वी फळ्यावर ४०० चे ७७५ झाले होते, म्हणजे साठत तर होतंच. मग बारा वर्षांत किती? उदाहरण बरोबर सुटलं होतं, पण ज्या प्रश्नासाठी त्याचा खरा उपयोग, तिथेच ते गप्प बसलं होतं. म्हणून आम्ही हे उदाहरण नीट तपासायला घेतलं.

आधी त्याचं जे चांगलं आहे ते सांगू. श्रेढीचा धडा पुष्कळदा बुद्धिबळाच्या पटावरचे गव्हाचे दाणे आणि बँकेचं चक्रवाढ व्याज यांतच फिरत राहतो. दोन्हींत आकडे वाढतच जातात. गोळीच्या उदाहरणात आकडे वाढतात पण वाढीचा वेग मंदावत जातो, आणि ही गोष्ट प्रत्येकाच्या घरात घडत असते. किरणोत्सर्गाच्या पाठात शिकलेलं ‘अर्धायुष्य’ इथे पुन्हा भेटतं. इतकी चांगली सामग्री हाताशी असताना उदाहरण अर्ध्यावर सोडलं जातं, ही आमची तक्रार आहे.

पहिला आक्षेप : उदाहरण पाचव्या गोळीवर थांबतं

४००, ६००, ७००, ७५०, ७७५ या आकड्यांकडे पाहून कुणीही पुढचा प्रश्न विचारील : हे कुठवर जाणार? अनंत पदांच्या बेरजेचं सूत्र वापरलं की ८०० हे उत्तर मिळतं. पण सूत्रानं मिळालेलं ८०० आणि समजलेलं ८०० यांत फरक आहे.

वेगळ्या रीतीनं विचारू. शरीरात किती औषध असलं म्हणजे आठ तासांत नेमकी एक गोळीभर नाहीशी होईल? निम्मं नाहीसं होतं, तेव्हा ज्याचं निम्मं ४०० ती संख्या, म्हणजे ८००. ८०० चे ४०० उरले, नव्या गोळीनं पुन्हा ८०० झाले. आवक आणि जावक जुळली. पहिल्या दिवशी जावक कमी होती, कारण शरीरात औषधच कमी होतं. २०० जात होते आणि ४०० येत होते. साठा वाढला तशी जावक वाढली, आणि आवकेइतकी झाल्यावर वाढ थांबली. जितकं जास्त असेल तितकं जास्त जातं, या एकाच गोष्टीमुळे पातळी स्थिरावते. ‘नाहीसं होतं’ यात यकृतानं मोडलेलं आणि मूत्रपिंडांनी लघवीवाटे बाहेर टाकलेलं, दोन्ही आलं.

हे कळलं की सूत्राचीही गरज उरत नाही. दोन गोळ्यांमधल्या काळात साठ्याचा जेवढा भाग नाहीसा होतो, त्यानं एका गोळीला भागलं की गोळी घेतल्याबरोबरचा स्थिर साठा मिळतो. निम्मा भाग जात असेल तर दोन गोळ्या, दहावा भाग जात असेल तर दहा गोळ्या.

आता आजीकडे वळू. थायरॉईडच्या गोळीतलं औषध लिव्होथायरॉक्सिन. त्याचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं असतं. म्हणजे एका दिवसात साधारण साडेनऊ टक्केच नाहीसं होतं. एकाला ०.०९४ नं भागलं की साडेदहाच्या आसपास उत्तर येतं. आजी बारा वर्षं गोळी घेत असो की बारा महिने, तिच्या अंगात गोळ्यांतून आलेला साठा साडेदहा गोळ्यांपलीकडे जात नाही. प्रत्यक्षात तो याहूनही कमी असतो, कारण पोटात गेलेली सगळी गोळी रक्तात शोषली जात नाही. बारा वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त गोळ्या पोटात गेल्या, आणि साठा साडेदहाचा! मुलीच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं, आणि त्यासाठी लागणारं सगळं गणित फळ्यावर होतं.

मग रविवारच्या सुट्टीचं काय? एक दिवस गोळी घेतली नाही तर साठा आणखी साडेनऊ टक्क्यांनी उतरतो. आजीला काहीही जाणवत नाही. पण दर रविवारी सुट्टी म्हणजे आठवड्याला सातऐवजी सहा गोळ्या. आवक एक सप्तमांशानं घटली, तर सरासरी साठाही तेवढाच घटून नव्या जागी स्थिरावतो. डॉक्टरांनी १०० मायक्रोग्रॅम लिहून दिले आणि आजी सरासरी ८६ घेते, एवढाच त्याचा अर्थ. ‘साठू नये’ म्हणून दिलेल्या सुट्टीनं साठण्याचा धोका टळत नाही, कारण तसा धोका नव्हताच. मात्र रक्ततपासणीत आकडा बिघडलेला दिसला, तर सुट्टीची गोष्ट माहीत नसलेले डॉक्टर गोळी वाढवून देणार.

याहून गंभीर प्रकार म्हणजे गोळी पुरती बंद करून पाहणं. आठवडाभर बंद ठेवली तरी साठा निम्मा शिल्लकच असतो. माणूस म्हणतो, “बघा, गोळीवाचून काही अडलं नाही.” तो जुन्या गोळ्यांवरच चालत असतो, हे त्याला कोण सांगणार? पाचव्या गोळीवर थांबणारं उदाहरण तरी सांगत नाही.

दुसरा आक्षेप : दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत

उदाहरणात औषधाचं अर्धायुष्य आठ तास आणि गोळ्यांमधलं अंतरही आठ तास. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून केलेली ही सोय आहे. पण त्यामुळे ‘पातळी किती उंच जाणार?’ आणि ‘तिथे पोचायला किती वेळ लागणार?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे दिसतच नाही.

गोळी ४०० ऐवजी ८०० ची करून पाहा : ८००, १२००, १४००, १५००, १५५०. स्थिर पातळी १६०० झाली, पण तिच्या सुमारे ९७ टक्क्यांपर्यंत पोचायला पाचच गोळ्या लागल्या, पूर्वीइतक्याच. गोळी मोठी केली म्हणून स्थैर्य लवकर येत नाही. एका अर्धायुष्यानंतर स्थिर पातळीच्या ५० टक्के, दोनांनंतर ७५, तिनांनंतर ८७.५, चारांनंतर ९३.७५ आणि पाचांनंतर जवळजवळ ९७ टक्के. हा वेळ फक्त अर्धायुष्यावर ठरतो. लिव्होथायरॉक्सिनची पाच अर्धायुष्यं म्हणजे पाच आठवडे. गोळी बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात त्याचं एक कारण हेच. आधी तपासलं तर पातळी अजून चढत असते.

मुलांचा आणखी एक ठाम समज असतो, की दुप्पट गोळी दुप्पट वेळ पुरते. समजा, १०० मिलिग्रॅमच्या खाली औषध निरुपयोगी आहे. एकदाच ४०० घेतले तर ते १०० वर यायला १६ तास लागतात. ८०० घेतले तर २४ तास. दुप्पट गोळीनं एकाच अर्धायुष्याची भर पडली.

आता दिवसाचे १२०० मिलिग्रॅम कायम ठेवून अंतर बदलू. स्थिरावल्यानंतर साठा असा वरखाली होईल :

दर ४ तासांनी २०० : वरची पातळी ६८३, खालची ४८३
दर ८ तासांनी ४०० : वरची पातळी ८००, खालची ४००
दर २४ तासांनी १२०० : वरची पातळी १३७१, खालची १७१

सरासरी तिन्हींत एकच, सुमारे ५७७ (बारावीच्या मुलांनी संकलनानं पडताळावी). पण एका ठिकाणी चढउतार थोडा, दुसरीकडे आठपट. औषध ज्या पातळीखाली कामाचं नाही आणि जिच्यावर त्रासदायक आहे, त्या दोन रेघांच्या मध्ये राहायचं असेल, तर ‘दिवसातून तीनदा’ला अर्थ आहे. सकाळची, दुपारची आणि रात्रीची गोळी एकदम घेऊन मोकळं होणाऱ्यांना हा तक्ता दाखवावा. ‘स्थिर पातळी’ म्हणजे सपाट रेघ नव्हे, हेही इथेच कळतं. करवतीचे दाते असतातच. स्थिर होतो तो दात्यांचा उंचसखलपणा.

‘किती उंच’ आणि ‘किती वेळात’ यांची गल्लत केवळ वर्गातली नाही. दुसऱ्या महायुद्धात ती फार महाग पडली असती. मार्च १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या हाती गेलं आणि जगातलं बहुतेक क्विनिन जिथून यायचं तो पुरवठाच दोस्त राष्ट्रांना तुटला. मलेरियावर उरलं होतं ते मेपाक्रिन, म्हणजे ॲटेब्रिन. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत तयार झालेलं औषध. त्याचा गुण लवकर येत नाही अशी तक्रार होती. जास्त द्यावं तर मळमळ, उलट्या. कातडी पिवळी पडायची, त्यामुळे सैनिक ते चुकवायलाच बघत.

न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात जेम्स शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्या मोजण्याऐवजी रक्तातलं औषध मोजायला घेतलं. बर्नार्ड ब्रॉडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी त्यासाठी मोजमापाची पद्धत बसवली. दिसलं ते असं : औषध शरीराच्या ऊतींत मोठ्या प्रमाणात जाऊन बसतं आणि फार सावकाश बाहेर पडतं. अर्धायुष्य काही दिवसांचं. म्हणून रोजच्या ठरीव गोळीनं पातळी चढायलाच खूप दिवस लागत, आणि तापानं फणफणलेल्या माणसाला तेवढी सवड नसते. उपाय आपल्या उदाहरणातूनच निघतो. ८०० ला पोचायचं आहे ना? मग पहिलीच मात्रा ८०० ची द्या आणि पुढे दर वेळी ४००. पहिल्याच आठ तासांत ४०० जातील, ४०० येतील. पातळी पहिल्या क्षणापासून जागेवर. मेपाक्रिनसाठीही सुरुवातीला मोठी मात्रा आणि नंतर रोजची लहान मात्रा अशी रीत बसवली गेली.

प्रतिबंधासाठी मात्र वेळ हाताशी असतो, तिथे नियमितपणा महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियाच्या केर्न्स इथे नील हॅमिल्टन फेअरली यांनी (हे १९२० च्या दशकात काही वर्षं मुंबईत काम करत होते) स्वयंसेवक सैनिकांवर प्रयोग करून दाखवलं, की रोज १०० मिलिग्रॅम न चुकता घेतलं तर मलेरिया डोकं वर काढत नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते. स्लिम यांनी आठवणींत लिहिलं आहे, की ते अख्ख्या पलटणीची अचानक तपासणी करवीत, आणि औषध घेतल्याची खूण ९५ टक्क्यांहून कमी जणांत सापडली तर तिच्या प्रमुखाला काढून टाकीत. तिघांना काढल्यावर बाकीच्यांना बोध झाला.

आज डॉक्सिसायक्लिन देण्याच्या नेहमीच्या एका पद्धतीत पहिल्या दिवशी २०० आणि पुढे रोज १०० मिलिग्रॅम असतात. या औषधाचं अर्धायुष्य एका दिवसाच्या जरा आतबाहेर, साधारण १८ ते २२ तास. पहिल्या दिवशी दुप्पट का, हे आता विद्यार्थ्यांनीच सांगावं.

तिसरा आक्षेप : ‘निम्मं’ हे गृहीत आहे, ते सांगितलेलं नाही

‘आठ तासांत निम्मं औषध नाहीसं होतं’ हे वाक्य उदाहरणात असं येतं, जणू ते औषधाच्या वेष्टणावर छापलेलं आहे. अर्धायुष्य औषधाचं असतं तसं माणसाचंही असतं. हृदयविकारात दिलं जाणारं डिगॉक्सिन घ्या. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ज्या डिजिटॅलिस वनस्पतीवर पुस्तक लिहिलं, तिच्या कुळातलं हे औषध. ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे जातं. मूत्रपिंडं निरोगी असतील तर अर्धायुष्य दीड ते दोन दिवस. ती निकामी होत आली तर चार-पाच दिवसांपर्यंत लांबतं. रोज एक गोळी धरून हिशेब करा. अर्धायुष्य दीड दिवस असेल तर स्थिर साठा २.७ गोळ्यांचा, साडेचार दिवस असेल तर सात गोळ्यांचा. गोळी तीच, घेणाराही तोच, पण म्हातारपणी मूत्रपिंडं थकली की साठा अडीच पटींवर जातो. डिगॉक्सिनमध्ये उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत फारसं अंतर नसतं. शेजाऱ्यांना मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेल, हे म्हणणं किती कच्चं आहे ते या दोन आकड्यांतून दिसतं.

त्याहून मोठी अडचण पुढेच आहे. ‘जितकं जास्त असेल तितकं जास्त जातं’ हा आपल्या सगळ्या मांडणीचा आधार. काही पदार्थ तो पाळत नाहीत. दारू हे सर्वांत माहितीचं उदाहरण. स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी रक्तातल्या अल्कोहोलचा अभ्यास करून दाखवलं, की ते दर तासाला जवळजवळ ठरावीक प्रमाणात उतरतं, पोटात कितीही असो. यकृतातली यंत्रणा पूर्ण क्षमतेनं चालू असते, तिच्यापाशी जादा हात नसतात. इथे आवक जावकेहून थोडीशीही जास्त झाली, तर स्थिर पातळी येतच नाही. साठा चढतच जातो. याच विडमार्क यांनी टांडबर्ग यांच्यासह १९२४ साली पुन्हा पुन्हा दिलेल्या मात्रांचा साठा कसा होतो याचं गणितही मांडलं होतं. पुढे १९३७ मध्ये उप्सालाचे टॉरस्टेन टेओरेल यांनी शोषण, वाटप आणि उत्सर्जन यांचा एकत्र विचार केला.

फेनिटॉइन हे अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं औषध या दोन टोकांच्या मध्ये बसतं. थोडं असताना ते प्रमाणात जातं, जास्त झालं की यंत्रणा दमते. एका नमुना-रुग्णाचा हिशेब पाहू. रक्तातली पातळी लिटरला क्ष मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला नाहीसं होणारं औषध ५०० × क्ष ÷ (४ + क्ष) मिलिग्रॅम धरू. क्ष = ६ असेल तर ३०० जातात. म्हणजे रोज ३०० दिले की पातळी ६ वर स्थिरावेल. रोज ४०० दिले तर? पातळी १६. आणि ४५० दिले तर ३६! मात्रा दीडपट, पातळी सहापट. साधारण १० ते २० ही कामाची पातळी मानतात, तेव्हा ६ मध्ये फिट थांबत नाही आणि ३६ मध्ये माणसाचा तोल जातो, नजर स्थिर राहत नाही. भूमिती श्रेढीचं उदाहरण डोक्यात ठेवून ‘दीडपट गोळी, दीडपट परिणाम’ म्हणणारा इथे फसतो.

ब्रिस्बेन शहरात १९६८ साली असंच घडलं, आणि तेही मात्रा न बदलता. फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेल्या कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज वापरलं गेलं. औषध तेवढंच होतं, पण आता ते आतड्यातून जास्त शोषलं जाऊ लागलं. आवक वाढली, जावक तिच्या मागे पोचू शकली नाही, आणि नेहमीच्याच कॅप्सूल घेणाऱ्या अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणं दिसली. गोळीवर छापलेले मिलिग्रॅम म्हणजे शरीरात पोचलेले मिलिग्रॅम नव्हेत, हे अशा प्रसंगांतून कळतं.

चौथा आक्षेप : पातळी म्हणजेच परिणाम, असं सुचवलं जातं

हा आक्षेप लहान आहे, पण शिक्षकांनी तो ध्यानात ठेवायला हवा. करवतीचं चित्र इतकं मनात बसतं की प्रत्येक औषधाची पातळी सतत टिकलीच पाहिजे असं वाटू लागतं. हृदयविकारानंतर रोज एकदा लहान मात्रेत दिली जाणारी ॲस्पिरिन रक्तात अर्ध्या तासाच्या आतच निम्मी होते. तरी एक गोळी दिवसभर पुरते, कारण तिनं रक्तबिंबिकांमध्ये केलेला बदल त्या बिंबिकेच्या आयुष्यभर, आठवडाभर तरी, टिकतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन काही तासांतच निम्मं होतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं. तरी रोज एकदा घेऊन ते काम करतं. म्हणून चुकलेली गोळी हा प्रश्न सगळ्या औषधांसाठी एका सूत्रात बसत नाही. विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगावं, की या गणितानं समज वाढते, पण त्यावरून घरातल्या कुणाची मात्रा बदलायची नसते. ते डॉक्टरांना विचारूनच करायचं.

मग उदाहरण कसं असावं?

उदाहरण टाकून द्यावं असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या मागे चार प्रश्न जोडावेत. (१) साठा कुठे थांबेल, आणि का? सूत्र न वापरता सांगा. (२) गोळी दुप्पट केली तर काय बदलेल, काय बदलणार नाही? (३) पहिल्या गोळीपासूनच स्थिर पातळी हवी असेल तर काय कराल? (४) दर आठ तासांत ‘निम्मं’ऐवजी ‘ठरावीक ३०० मिलिग्रॅम’ नाहीसे होत असतील तर काय होईल?

सूत्र न आलेल्या आठवी-नववीच्या वर्गासाठी एक वाडगा आणि मूठभर चिंचोके पुरतात. वाडग्यात १६ चिंचोके टाका. दर फेरीला निम्मे काढा आणि १६ नवे टाका : १६, २४, २८, ३०, ३१. मग मुलांना विचारा, सुरुवातीलाच वाडग्यात ६४ असते तर? बहुतेक जण म्हणतात, आणखी वाढतील. करून पाहिलं की ६४, ४८, ४०, ३६, ३४, ३३. खालून चढा किंवा वरून उतरा, वाडगा ३२ कडेच येतो. स्थिर पातळी म्हणजे काय ते इथे हातांनी कळतं. शेवटी निम्मे काढण्याऐवजी दर फेरीला मोजून १२ काढा आणि १६ टाका. वाडगा भरून सांडेपर्यंत खेळ चालू द्या. फेनिटॉइनची गोष्ट त्यानंतर सांगावी.

आमच्या बाईंनी पुढच्या आठवड्यात ते उदाहरण पुन्हा फळ्यावर लिहिलं आणि आपलं आधीचं उत्तर चुकलं होतं असं वर्गाला सांगितलं. त्या मुलीनं साडेदहा हा आकडा वहीत लिहून घेतला आणि लगेच विचारलं, “मग बाई, आजी सकाळी चहाबरोबर गोळी घेते, त्यानं आवक कमी होत असेल का?” होते. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात ती त्यासाठीच. हा प्रश्न पुस्तकात नव्हता. तुमच्या वर्गात असे कोणते प्रश्न आले, ते जरूर कळवा.